किंग, क्लॅप्टन, हेंड्रिक्स यांच्यातला फरक ऐकायचा असेल तर गांधार धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापूरचेच, दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकताय. बी. बी. किंग, एरिक क्लॅप्टन, जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे व्हॉन या चार गिटारवाल्यांचे लीड, म्हणजे गाण्यातल्या सुट्या सुरांच्या ओळी, टॅब बघून बसवलेत, फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या) चुकत नाही. तरी शेजारच्या खोलीतून ऐकणारी तुमची बहीण म्हणते, "चारही वेळा एकच माणूस वाजवत होता." म्हणून तुम्ही विचारताय की या लोकांच्या वाजवण्यात खरा फरक काय, आधी कोणाला धरू, सगळ्यात भारी कोण, आणि आवाजात फरक आणायला प्रोसेसर घेऊ का.

बहिणीचं बरोबर आहे. चारही वेळा एकच माणूस वाजवत होता, तो म्हणजे तुम्ही. टॅबमध्ये कुठली तार आणि कितवा फ्रेट हे लिहिलेलं असतं. तार ओढायची तर बाण काढलेला असतो. पण ती किती सावकाश ओढायची, वर पोचल्यावर बोटानं काय करायचं आणि तिथून कधी उठायचं, हे कागदावर येत नाही. या मंडळींमधला फरक तर नेमका तिथंच आहे. म्हणजे तुमचा प्रश्न चार गिटारवाल्यांच्या तुलनेचा दिसत असला, तरी मुळात तो असा आहे की सूर तेच असताना माणूस ओळखायचा कशावरून.

माझ्याबद्दल एवढंच की मी तीसेक वर्षं इथल्या ऑर्केस्ट्रांमध्ये लीड वाजवतोय. गणपती, लग्नसराई, गड्ड्याच्या जत्रेतले कार्यक्रम. संध्याकाळी घरी चार-पाच मुलं शिकायला येतात. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेलं संगीत, वाजवायचे पैसे सोलापुरात कोणी देत नाही, ती माझी रात्रीची हौस. त्यामुळं मी सांगतोय ते पुस्तकी नाही, कानानं आणि बोटांनी जमवलेलं आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील: गिटार कुठली, तारा किती जाड, गळ्यावर सूर येतो की नाही, आधी तबला-ढोलकी वाजवली आहे का. ते मधे मधे येईलच.

सुरुवात पाच सुरांपासून करतो. ब्लूज आणि रॉकचं निम्म्याहून जास्त लीड ज्या मायनर पेंटॅटॉनिकवर चालतं, त्याचे सूर आपल्या हिशेबानं सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पेटीवर वाजवून बघा, धानी रागाचेच सूर आहेत. मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे सा रे ग प ध, सरळ भूप. राग म्हणून नव्हे हं, फक्त सुरांचा पत्ता म्हणून सांगतोय, नाहीतर जाणकार मंडळी माझ्यावर रागावतील. तर या लोकांच्या हातात भांडवल एवढंच, धानी आणि भूप. मग पन्नास वर्षं माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखू कशी येतात?

याचं उत्तर मला गिटारवाल्यानं दिलं नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात तेव्हा पेटी वाजवायला एक काका होते, भजनी मंडळातून आलेले. पूर्व भागातल्या एका खोलीत आमची तालीम चालायची, भिंतीपलीकडं माग. एकदा तालमीआधी मी टेपवर बी. बी. किंगची कॅसेट लावली होती. काकांनी पान लावता लावता ऐकलं आणि म्हणाले, "काय बे हे, हा गांधार ठेवतोय कुठं?" त्यांनी पेटीवर कोमल गांधार दाबला, जुळेना. शुद्ध दाबला, तोही जुळेना. कारण तो सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधे होता.

सगळी गंमत तिथंच आहे. ब्लूजमध्ये मागे वाजणारी कॉर्ड (एकदम छेडलेले तीन-चार सूर) बहुतेक वेळा मेजर जातीची असते, म्हणजे तिच्या पोटात शुद्ध गांधार बसलेला असतो. त्यावर गाणारा कोमल गांधार लावतो. दोन्ही एकमेकांना घासतात, आणि गाणारा त्या दोघांच्या मधल्या जागेत सूर फिरवत राहतो. पेटीला ते जमत नाही, बेंजो पार्टीतल्या बेंजोलाही सहज जमत नाही, कारण बटण दाबलं की सूर ठरला. गिटारला जमतं, तार ओढता येते म्हणून. तेव्हापासून माझी तुलना करायची पद्धत एकच आहे. नवा गिटारवाला ऐकायला घेतला की मी बाकी सगळं सोडून देतो आणि हा माणूस गांधाराचं काय करतो ते ऐकतो. त्यावरून त्याचा हात जवळजवळ कळतो.

बी. बी. किंगपासून सुरुवात करू, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. गिटार काढा. ए मध्ये, म्हणजे ए हा सा मानून, वाजवताय असं धरा. दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर सा ठेवा. त्याच तारेवर बाराव्यावर रिषभ. पहिल्या तारेवर दहाव्यावर मध्यम, बाराव्यावर पंचम. तिसऱ्या तारेच्या अकराव्यावर शुद्ध धैवत. चार बोटांत मावणारी एवढीशी जागा, आणि त्यानं आयुष्यातले कितीतरी लीड इथंच उभे राहून वाजवले. आता बघा, या घरात गांधाराचा फ्रेट मी सांगितलाच नाही. तो बऱ्याचदा गांधार फ्रेटवर दाबतच नाही, बाराव्या फ्रेटवरचा रिषभ ओढून गांधाराकडं नेतो. अर्धा सूर ओढला तर कोमल, पूर्ण ओढला तर शुद्ध, मधे थांबला तर काकांना न सापडलेला. आपल्याकडं गाणारा रिषभावरून मींड घेऊन गांधाराला जातो ना, तसंच. तुम्ही टॅबवरून वाजवताना तो सूर "बारावा फ्रेट, फुल बेंड" म्हणून एका झटक्यात वर नेत असणार. म्हणूनच तो गात नाही.

दुसरी गोष्ट त्याचं कंपन. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट काचेच्या, धातूच्या नळीनं स्लाइड वाजवायचा. तो रडका, हलता आवाज बी. बी. ला हवा होता, पण स्लाइड त्याला जमेना. म्हणून त्यानं तो आवाज नुसत्या बोटानं काढायचा प्रयत्न केला. पहिलं बोट तारेवर, अंगठा मानेवरून सुटलेला, आणि मनगट दोन्हीकडं फडफडतं. फुलपाखरासारखं दिसतं म्हणतात, खरंच तसं दिसतं. म्हणजे त्याची सगळ्यात मोठी ओळख एका न जमलेल्या गोष्टीतून आली. कॉर्ड वाजवणं आपल्याला फारसं जमत नाही हेही तो उघड सांगायचा. गाताना तो गिटार वाजवायचाच नाही. एक ओळ गायची, थांबायचं, मग गिटारनं उत्तर द्यायचं. आपल्याकडं गायक श्वास घेतो तेव्हा पेटीवाला जागा भरतो, तेच काम त्याची गिटार करते. फरक इतकाच की गवई आणि साथीदार एकच.

शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९६४ ला त्याच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग झालं, तो अल्बम ऐका. पहिल्यांदा ऐकताना सूर मोजू नका, थांबे मोजा. लोक त्याच्या प्रत्येक थांब्यात ओरडतात, तो तेवढी जागा ठेवतो म्हणून. माझ्याकडं येणारी मुलं थांबायला घाबरतात. मीही घाबरायचो. ऑर्केस्ट्रात दोन मात्रा रिकाम्या गेल्या की संयोजक स्टेजच्या कडेनं डोळे वटारतो.

अल्बर्ट किंग हा त्याचा नातेवाईक नव्हे, आडनाव फक्त तेच. धिप्पाड माणूस, एके काळी बुलडोझर चालवलेला. डावखुरा. त्यानं उजव्या हाताची व्ही आकाराची गिटार उलटी धरली आणि तारा बदलल्याच नाहीत, त्यामुळं बारीक तारा वर छातीकडं आणि जाड तारा खाली जमिनीकडं. आपण पहिली तार वर ढकलतो, तो तीच तार खाली, तळहाताकडं ओढायचा. तुमच्या खिडकीची गच्च बसलेली कडी आठवा, ढकलण्यापेक्षा ओढताना जोर जास्त लावता येतो. त्यात तारा नेहमीपेक्षा ढिल्या लावलेल्या, आणि छेडणाऱ्या डाव्या हातात पिक (तार छेडायची चकती) नाही, अंगठ्यानं छेड. म्हणून त्याचा गांधार मधे थांबत नाही. तो कोमल गांधारावरून निघतो, मध्यम ओलांडतो, कधी पंचमापर्यंत जातो, एकाच तारेवर, एकाच छेडीत. बी. बी. सूर उचलून ठेवतो, अल्बर्ट तो खेचून आणतो. आणि वाक्यं अगदी थोडी. तीच चार सुरांची हरकत परत परत वाजवेल, पण दर वेळी ओढ निराळी.

या माणसाचं नाव आपल्याकडं कमी घेतलं जातं, पण तुमच्या यादीतल्या निम्म्या लोकांच्या घरात त्याचं सामान सापडेल. १९६७ मध्ये त्याचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' आला, आणि त्याच वर्षी क्लॅप्टन आपल्या क्रीम या बँडमध्ये अल्बर्टच्या पद्धतीचं लीड वाजवताना ऐकू येतो. १९८३ मध्ये डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'मध्ये जे गिटार वाजतं ते स्टीव्ही रे व्हॉनचं, आणि त्यात अल्बर्ट ओतप्रोत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अल्बर्ट आणि स्टीव्ही रे कॅनडातल्या एका टीव्ही स्टुडिओत एकत्र वाजवायला बसले. ते रेकॉर्डिंग पुढं १९९९ मध्ये 'इन सेशन' नावानं निघालं. तुमच्या प्रश्नासाठी याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही. एकच गाणं, एकच बँड, आळीपाळीनं लीड. शिष्याच्या हातात गुरूचे सूर जसेच्या तसे आहेत, पण शिष्याला भरायची घाई आहे आणि गुरू वाट बघतोय. डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न करा. पहिल्या चार वेळा चुकाल, मग चुकणार नाही.

तिसरा किंग फ्रेडी. त्याचा उजवा हात बघा, अंगठ्यात प्लास्टिकचा पिक आणि पहिल्या बोटात धातूचा. त्यामुळं सूर टोचतो. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण तो क्लॅप्टनमधून तुम्ही ऐकलेलाच आहे. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर क्लॅप्टननं जो अल्बम केला, त्यातलं 'हाइडअवे' फ्रेडी किंगचंच.

आता क्लॅप्टन. त्या १९६६ च्या अल्बमवर लेस पॉल गिटार आणि मार्शलचा अ‍ॅम्प, तोही स्टुडिओत लोक वैतागतील इतक्या मोठ्या आवाजात. अ‍ॅम्प त्या जोरावर चालला की सूर लांबतो, सारंगीच्या गजासारखा टिकतो. सूर टिकला की कंपन घाईनं करावं लागत नाही. म्हणून क्लॅप्टनचं कंपन बी. बी. पेक्षा संथ, कोपरापासून आल्यासारखं, समान अंतराचं. आणि गांधार? तो दोन्ही स्वच्छ ठेवतो. १९६८ चं क्रीमचं 'क्रॉसरोड्स' ऐका. मूळ गाणं रॉबर्ट जॉन्सनचं, १९३६ मध्ये एका माणसानं एका गिटारवर गायलेलं. क्लॅप्टन त्यात दोन ओळी भूपातल्या वाजवतो आणि दोन धानीतल्या. शुद्ध गांधार आला की चेहऱ्यावर हसू, कोमल आला की भुवई चढते. इतका नीट की विद्यार्थ्याला लिहून घेता येतं. वाक्य सुरू होतं, मधे वळण घेतं, सा वर येऊन संपतं. म्हणून शिकायला तो सोपा आहे, आणि म्हणूनच त्याची नक्कल करणारे कंटाळवाणे होतात. वाक्यरचना उचलता येते, त्या वेळची रग उचलता येत नाही. मला स्वतःला १९७० पर्यंतचा क्लॅप्टन जास्त आवडतो. त्या वर्षीचं 'लैला' निजामीच्या लैला-मजनूच्या गोष्टीवरून सुचलेलं. त्या अल्बमवर ड्युएन ऑलमन स्लाइड वाजवतो, तेव्हा क्लॅप्टनला समोर कोणीतरी मिळालंय हे ऐकू येतं. त्याला 'स्लोहँड' म्हणतात म्हणून तो सावकाश वाजवतो असं मात्र समजू नका. तार तुटली की तो स्टेजवरच बदलत बसायचा आणि लोक तोवर संथ टाळ्या वाजवायचे, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात.

हेंड्रिक्सच्या बाबतीत तुमची खरी चूक ही की तुम्ही त्याचं लीड बसवलंय. त्याची ऱ्हिदम बसवा. ऑर्केस्ट्रात आपल्याकडं लीडवाला वेगळा, ऱ्हिदमवाला वेगळा, शिवाय कीबोर्डवाला. हेंड्रिक्सकडं बेस आणि ड्रम सोडून कोणी नव्हतं, मग एकाच माणसानं दोन्ही करायचं. अंगठा मानेवरून वळवून सहाव्या तारेचा खर्ज धरायचा, म्हणजे चार बोटं मोकळी राहतात, आणि त्या मोकळ्या बोटांनी कॉर्ड धरलेली असतानाच तिच्या कडेला हरकती घ्यायच्या. १९६७ चं 'लिटल विंग' अडीच मिनिटांपेक्षाही लहान आहे, आणि त्याची सुरुवात लीड आहे की ऱ्हिदम हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

तोही डावखुरा. पण अल्बर्टच्या उलट त्यानं गिटार फिरवून तारा परत डाव्या हाताच्या क्रमानं लावल्या. गाणी बरीचशी अर्धा सूर खाली, त्यामुळं तार मऊ. आणि गांधाराचं त्यानं काय केलं तर दोन्ही एकदमच वाजवले. 'पर्पल हेज'मध्ये जी कॉर्ड येते, गिटारवाले जिला सेव्हन शार्प नाइन म्हणतात, तिच्यात खाली शुद्ध गांधार आहे आणि वर कोमल. बी. बी. ज्या दोन सुरांच्या मधे मींड घेत होता, ते दोन सूर यानं एकाच मुठीत धरले. लोक त्याचा वाव्वा पेडल, फझ (दोन्ही आवाज बदलणारी, पायानं चालवायची यंत्रं), गिटार जाळणं याबद्दल बोलतात. ते सगळं खरं आहे, पण पेडल काढून घेतला तरी ती कॉर्ड हेंड्रिक्सचीच राहते. प्रकाशात आल्यापासून सप्टेंबर १९७० मध्ये गेला तोपर्यंत जेमतेम चार वर्षं मिळाली त्याला. एवढ्यात हे सगळं.

स्टीव्ही रे व्हॉनबद्दल सांगायच्या आधी माझा एक मूर्खपणा सांगतो. कुठंतरी वाचलं की तो तेरा गेजच्या, म्हणजे नेहमीपेक्षा बऱ्याच जाड, तारा लावतो, म्हणून त्याचा आवाज जाड. मी पुण्याहून मागवून माझ्या स्वस्तातल्या गिटारवर लावल्या. एप्रिल महिना, आपल्या सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आठवड्यात मान धनुष्यासारखी वाकली. आणि ती दुरुस्त करायच्या आत एका लग्नात वाजवायला गेलो, तर तिसऱ्या गाण्यात मधल्या बोटाचं कातडं गेलं. उरलेला कार्यक्रम मी कॉर्ड वाजवून काढला. मी वाचलेल्या त्या ओळीच्या पुढंच लिहिलेलं होतं की तो गिटार अर्धा सूर खाली लावतो, त्यामुळं ताण कमी होतो. ते मी वाचलं नव्हतं. शिवाय त्याचे हात. तारेचा गेज हा त्याच्या हाताचा परिणाम आहे, कारण नव्हे.

त्याची खरी ओळख उजवा हात. १९८३ चा 'टेक्सास फ्लड' अल्बम लावा आणि शफलचं कुठलंही गाणं ऐका. शफल म्हणजे मात्रेचे तीन तुकडे करायचे आणि मधला खायचा, धा-किट सरळ न वाजवता डुलत वाजवायचं. मनगट खाली-वर, खाली-वर, सतत. सूर वाजो न वाजो, हात थांबत नाही. मागावरचा धोटा जातो-येतो तसा. तारा डाव्या हातानं दाबून मुक्या ठेवलेल्या, त्यामुळं बहुतेक फटके नुसते 'चिक' असे वाजतात, आणि हवा तेवढाच सूर मोकळा सुटतो. तुम्ही टॅबवरून सुटे सूर वाजवता, ती 'चिक' टॅबमध्ये नाही. त्याचा गांधारही याच घाईत येतो. कोमलवर बोट ठेवलं की तिथंच शुद्धवर दुसरं आपटायचं. मींड नाही, ठोका. इतर जण गांधारावर बसतात, हा त्याच्यावरून उडी मारून जातो. संथ गाण्यात मात्र त्याचा अल्बर्ट बाहेर येतो. आणि 'लिटल विंग' त्यानं गळ्याशिवाय, नुसत्या गिटारवर वाजवलंय, तो मरण पावल्यानंतर १९९१ मध्ये आलेल्या अल्बमवर ते आहे. मूळ आणि हे एकापाठोपाठ ऐका. हेंड्रिक्स गोष्ट सांगून निघून जातो, हा त्याच गोष्टीत घर करून राहतो.

बाकीच्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून पटकन. डेव्हिड गिल्मर म्हणजे ओढलेला सूर वर पोचल्यावर थांबवून मगच हलवायचा, हे धैर्य शिकायला चांगला. जेफ बेकनं पुढं पिक टाकून दिला आणि अंगठा, आवाजाचं बटण आणि ट्रेमोलोची दांडी यांवर गायला लागला. त्याची नक्कल मला कधीच जमली नाही. जिमी पेज लीडपेक्षा गाण्याची बांधणी करणारा. १९७२ मध्ये तो आणि त्याच्या लेड झेपेलिन बँडचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तुम्ही गाणं ऐकत वाढला असाल, घरी भजन, नाट्यगीतं असतील, तर एक आडवाट सांगतो. स्लाइड ऐका. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ चा, म्हणजे अल्बर्ट किंगच्या त्या अल्बमच्या वर्षाचाच. आणि तिकडं डेरेक ट्रक्स नावाचा स्लाइड गिटारवाला आहे, जो अली अकबर खाँसाहेबांचा सरोद ऐकत, अभ्यासत मोठा झाला. त्याचा गांधार ऐकलात तर आमच्या काकांसारखं तुम्हीही विचाराल, हा ठेवतोय कुठं?

आता आधी कोणाला धरायचं. हे खरंच तुमच्यावर आहे. गळा असेल, सूर मनात ऐकू येत असेल, तर बी. बी. किंग, आणि सहा महिने दुसरं कोणी नको. ढोलकी-तबल्याचा हात असेल तर स्टीव्ही रे ची ऱ्हिदम, लीड नंतर. दोन्ही नसेल, नुसतं टॅबवर आला असाल, तर १९६६-६८ चा क्लॅप्टन, कारण त्याचं व्याकरण स्पष्ट आहे. हेंड्रिक्स चौघांत शेवटी. अल्बर्ट रोज ऐकायचा, वाजवायचा मात्र तारा नऊ किंवा दहा गेजच्या असतील तरच. गिटार अकूस्टिक असेल तर मोठ्या ओढींच्या नादी लागू नका, कोमल गांधार पाव सूर वर ढकलायला शिका, तेवढ्यानंही ब्लूज होतं.

सराव असा करा. मोबाइलवर ए मधलं संथ बारा बारचं बॅकिंग, म्हणजे नुसत्या साथीचं रेकॉर्डिंग, लावा. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन समजा: चार बार ए, दोन डी, दोन ए, मग एक ई, एक डी, आणि शेवटचे दोन बार परत समेवर यायची तयारी. त्यावर फक्त चार सूर: सा, रे, गांधार, पंचम. पहिलं आवर्तन बी. बी. सारखं, रिषभ ओढून, मधे निम्मा वेळ गप्प राहून. दुसरं अल्बर्टसारखं, एकच सूर, फक्त ओढ वाढवत न्यायची. तिसरं क्लॅप्टनसारखं, आधी शुद्ध गांधाराची ओळ, मग कोमलची. चौथं स्टीव्ही रे सारखं, हात न थांबवता. त्या चार सुरांपलीकडं जायचं नाही. पहिला महिना भयंकर वाटेल. मला वाटलं होतं. काका पेटी बंद करून बाहेर जाऊन उभे राहायचे.

सगळ्यात भारी कोण, यावर माझं उत्तर दर वर्षी बदलतं. सध्या अल्बर्ट किंग. पन्नाशी उलटल्यावर कमी सूर वाजवणारे जास्त आवडायला लागतात, बोटंही तेवढीच चालतात. तुमच्या वयात मी हेंड्रिक्स म्हणालो असतो आणि वाद घातला असता.

आणि प्रोसेसर. आत्ता नको. त्यात "ब्लूज लीड", "टेक्सास" अशा नावांचे आवाज येतात, आणि तुमची बहीण परत तेच म्हणेल, फक्त मोठ्या आवाजात. त्याच पैशांत नऊ गेजच्या तारांचे तीन-चार सेट आणि एक ट्यूनर घ्या, आणि कारागिराकडून तारांची उंची नीट करून घ्या. साधा छोटा अ‍ॅम्प असेल तर पुरे, गेन निम्म्यावर. वरची चार आवर्तनं मोबाइलवर रेकॉर्ड करा, क्रम उलटापालटा करा, आणि तिला ऐकवा. कोण कोण आहे ते ओळखायला सांगू नका, तिला नावं माहीत असायचं कारण नाही. एकच विचारा, माणसं किती आहेत? ती दोन म्हणाली की मला कळवा, पुढचं तेव्हा सांगतो.